कात्रजचा तलाव: पिण्याच्या पाण्यापासून पाणपक्ष्यांच्या आश्रयापर्यंत

१/ पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या डोंगराखाली हिवाळी सकाळी तलावाकडे पाहिले तर चोचीवर पिवळा-तांबडा ठिपका मिरवणारी हळदी-कुंकू बदके, कपाळी पांढरा टिळा असलेले वारकरी आणि पंख वाळवणारे पाणकावळे दिसतात. हे दृश्य निसर्गदत्त वाटते. वस्तुतः ते अठराव्या शतकातील एका पाणीपुरवठा योजनेचे फलित आहे.

२/ नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुणे झपाट्याने वाढले. नव्या पेठा वसल्या आणि बारमाही पाण्याची गरज भासू लागली. म्हणून १७५०च्या सुमारास कात्रज येथे आंबील ओढ्याचे पाणी बांध घालून अडवण्यात आले.

३/ तेथून सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या भूमिगत दगडी नळातून, केवळ उताराच्या बळावर, पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. वाटेत गाळ बसावा आणि हवा खेळती राहावी अशी सोय होती. काळा हौद, सदाशिव पेठेतील हौद अशा सार्वजनिक हौदांत ते सोडले जाई.

४/ या योजनेचा एक अनपेक्षित लाभार्थीही होता. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे फार थोडी. लोणार हा ठळक अपवाद. साहजिकच येथील पाणपक्ष्यांचा इतिहास बव्हंशी माणसाने बांधलेल्या तलावांशी आणि धरणांशी जोडलेला आहे.

५/ या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकात झाली. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. आज प्रत्येक तळ्याकाठी दिसणाऱ्या वंचकाचे, म्हणजे ढोकरीचे, पहिले शास्त्रीय वर्णन साइक्स यांचेच.

६/ पक्षी तलावाचा वापर खोलीनुसार वाटून घेतात. खोल पाण्यात पाणकावळे व टिबुकल्या बुड्या मारतात. उथळ पाण्यात बदके चरतात. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागले की ओला चिखल उघडा पडतो आणि त्यातील किडे-अळ्यांसाठी शेकाटे, तुतवार यांसारखे काठावरचे पक्षी येतात. काठ दगड-सिमेंटने बांधून काढला, की हा चिखल प्रथम नाहीसा होतो.

७/ तलाव कायमचा असतोच असे नाही. नानासाहेबांनीच पर्वतीच्या पायथ्याशी दुसरा तलाव करवला होता. पुढे तो आटवला गेला. आज तेथे सारसबाग आहे. तलाव गेला, तरी तेथील गणपती अजून 'तळ्यातला गणपती' म्हणूनच ओळखला जातो.

८/ आता कायद्याकडे पाहू. १९७१च्या रामसर कराराने पाणथळ जागांच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही पाणसाठे धरले. भारताने १९८२ मध्ये हा करार स्वीकारला. मात्र आपल्या २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत.

९/ दख्खनच्या दृष्टीने हा अपवाद फार मोठा आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरले, आणि तेही सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच निर्माण झालेले. भिगवणला रोहित पक्षी उतरतात ते उजनी धरणाच्या फुगवट्यावर. बांधण्यामागील हेतू हाच निकष मानला, तर राज्यातील कितीतरी समृद्ध पाणथळ जागा व्याख्येबाहेर राहतील.

१०/ कात्रजच्या काठी १९९९ पासून राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. तेथील प्राणी पिंजऱ्यांत व खंदकांत सुरक्षित आहेत. तलावावरचे पक्षी मात्र पाणी, चिखल आणि शांतता मिळेल तोवरच येतील. जलपर्णीने पृष्ठभाग झाकला किंवा सांडपाणी मिसळले, तर त्यांना रोखून धरणारे कुंपण नाही.

११/ हा पेशवेकालीन तलाव आता वारसा मानला जातो. तो जपताना दगडी बांध आणि नळ यांची डागडुजी आवश्यकच आहे. त्याचबरोबर काठाचा काही भाग कच्चा, चिखलाचा राहू देणे हेही त्या जतनाचेच काम समजले पाहिजे. पर्वतीच्या तळ्याचे नुसते नाव उरले. कात्रजला अजून पाणी आहे.