निष्क्रिय वायू : एका शब्दाचा इतिहास

आमच्या पिढीने शाळेत हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांना ‘निष्क्रिय वायू’ म्हणून पाठ केले. खरे तर तोवर हा शब्द चुकीचा ठरून दहा वर्षे उलटली होती. तो रूढ कसा झाला आणि मोडला कसा, ते आज सांगतो.

1785 मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने बंद नळीतल्या हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडल्या. नायट्रोजन संपला, पण त्याच्या 1/120 भागाहून मोठा नसलेला एक बुडबुडा काही केल्या संपेना. शंभराहून अधिक वर्षांनी, 1894 मध्ये, रॅले आणि रॅम्से यांनी तो वायू ओळखला. कशाशीच संयोग पावत नाही म्हणून ‘आळशी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला अरगॉन नाव मिळाले. मॉयसाँने त्याच्यावर फ्लोरिनसारखा जहाल वायू सोडून पाहिला. काहीच घडले नाही.

कारण 1916 मध्ये उलगडू लागले. कोसेल आणि लुईस यांनी मांडले की अणू जोडले जातात ते बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन देऊन, घेऊन किंवा वाटून. हेलियमचे कवच दोन इलेक्ट्रॉनांनी पूर्ण होते, इतरांचे बाहेरचे कवच आठांनी. नव्याला तिथे जागा नाही आणि असलेला काढायला फार ऊर्जा लागते. खुलासा उत्तम होता. पण कारण सापडले म्हणून नियमच अटळ वाटू लागला. 1933 मध्ये लायनस पॉलिंगने झेनॉन व फ्लोरिनचे संयुग शक्य असल्याचे सुचवले. त्या वर्षीचा प्रयोग फसला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे तिकडे फारसे कोणी फिरकले नाही.

मग व्हँकुव्हरमध्ये नील बार्टलेटला आढळले, की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेतो. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते. त्याचा अणू मोठा, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर, म्हणून पकड सैल. 23 मार्च 1962 रोजी त्याने हे दोन वायू एकत्र आणले आणि पिवळट-नारिंगी घन पदार्थ तयार झाला.

कवचाचा सिद्धान्त यामुळे खोटा ठरला नाही. ‘निष्क्रिय’ ही मात्र तोवर फसलेल्या प्रयोगांची बेरीज होती. आज आपण ‘राजवायू’ म्हणतो, ते अधिक नेमके आहे : सोने राजधातू असले तरी अम्लराजात विरघळतेच.

एका रुग्णाच्या कागदावर मी ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिले होते. पुढच्या खेपेस तेच वाचून मी तपासणी घाईने उरकली. आता त्या शब्दांपुढे मी लिहितो : कशाला, आणि किती दिवस.