बाहुलीघर (छंद)

बाहुलीघर म्हणजे घराची, त्यातील खोल्यांची आणि सामानसुमानाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती होय. मराठीत हा शब्द बहुधा मुलींच्या खेळण्यासाठी वापरला जातो. तथापि युरोपातील सर्वांत जुनी ज्ञात बाहुलीघरे मुलांसाठी नव्हे, तर प्रौढांच्या संग्रहासाठी घडवली गेली होती. बाहुलीघरे व त्यांतील वस्तू तयार करणे, जमवणे आणि मांडणे हा आज जगातील अनेक देशांत प्रौढांचा छंद आहे. एखाद्या काळातील सामान्य घर कसे होते याचा तपशील टिकवणारे साधन म्हणूनही बाहुलीघरांना महत्त्व आहे.

संज्ञा व व्याप्ती

या छंदात तयार होणाऱ्या वस्तूंना 'लघुप्रतिकृती' किंवा इंग्रजीतून आलेल्या शब्दाने 'मिनिएचर' म्हणतात. चित्रकलेत मिनिएचर म्हणजे लघुचित्र. तो विषय निराळा आहे. संपूर्ण घराऐवजी समोरून उघडी असलेली एकच खोली पेटीत उभारली, तर तिला 'रूम बॉक्स' म्हणजे खोलीपेटी असे नाव आहे. घराखेरीज दुकान, कारखाना, शाळेचा वर्ग, स्वयंपाकघर किंवा बागही या छंदाचा विषय होऊ शकते.

खेळण्यातील घर आणि छंदातील बाहुलीघर यांतील मुख्य भेद प्रमाणाचा आहे. खेळण्यातील खुर्ची मुलाच्या हाताला सोयीची असली की पुरे. छंदातील खुर्ची शेजारच्या टेबलाशी, दाराशी आणि भिंतीच्या उंचीशी एकाच प्रमाणाने जुळावी लागते.

इतिहास

बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५७-५८ मध्ये करवून घेतलेले घर हे नोंद असलेले पहिले बाहुलीघर मानतात. ते त्याच्या म्युनिक येथील कलासंग्रहात होते. मूळ वस्तू नष्ट झाली असून तिची माहिती १५९८ मध्ये केलेल्या संग्रहाच्या यादीवरून मिळते. सतराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे अशा घरांचे केंद्र बनले. तेथील आना क्योफर्लिन हिने १६३१ मध्ये आपले बाहुलीघर लोकांना दाखवण्यासाठी खुले केले होते. घर कसे चालवावे हे मुलामुलींना त्यातून शिकता यावे, असा तिचा उद्देश होता. १६३९ चे 'श्ट्रोमर घर' न्यूरेंबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

नेदरलँड्समध्ये श्रीमंत गृहिणींनी उंची कपाटाच्या आत खोल्या मांडण्याची पद्धत रूढ केली. ॲम्स्टरडॅमच्या पेत्रोनेला ओर्टमन हिने १६८६ ते १७१० या काळात सजवलेले असे कपाट राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्यावर झालेला खर्च २० ते ३० हजार गिल्डर असल्याचे सांगितले जाते; तेवढ्या रकमेत त्या काळी शहरातील कालव्याकाठचे खरे घर विकत मिळत असे. त्यात दिवाणखान्याबरोबर स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली आणि कपडे वाळवण्याचा माळाही आहे. चित्रकार सहसा ज्या जागा रंगवत नसत, त्या जागा येथे सामानासह पाहायला मिळतात. घरातील बहुतेक बाहुल्या आज उरलेल्या नाहीत. त्या कशा होत्या हे याकोब आपेल याने काढलेल्या कपाटाच्या चित्रावरून कळते. जेसी बर्टन यांच्या 'द मिनिएचरिस्ट' (२०१४) या कादंबरीची प्रेरणा हेच कपाट होय.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांतील उत्पादन आणि रंगीत छपाईचा कागद यांमुळे बाहुलीघरे स्वस्त झाली व मुलांच्या खेळण्यांत त्यांची गणना होऊ लागली. विसाव्या शतकात प्रौढांच्या छंदाला नव्याने चालना मिळाली. इंग्लंडच्या राणी मेरी यांच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात तयार झालेले बाहुलीघर विंडसर किल्ल्यात आहे. नवी दिल्लीच्या रचनेमुळे भारतात परिचित असलेले वास्तुरचनाकार एडविन लुटियन्स यांनी त्याचा आराखडा केला. १:१२ प्रमाणातील या घरात विजेचे दिवे, चालते पाळणे आणि नळाला वाहते पाणी आहे. त्याच्या ग्रंथालयासाठी समकालीन लेखकांनी चिमुकली पुस्तके लिहून दिली. आर्थर कॉनन डॉयल यांनी त्यासाठी शेरलॉक होम्सची एक छोटी कथा लिहिली.

अमेरिकेत नार्सिसा थॉर्न यांच्या कल्पनेतून युरोपीय व अमेरिकी घरांच्या अंतर्भागाच्या लघुखोल्या कुशल कारागिरांकडून तयार झाल्या. त्यांपैकी ६८ खोल्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात या कलेचा अगदी वेगळा उपयोग केला. संशयास्पद मृत्यूंच्या तपासाचे शिक्षण देण्यासाठी त्यांनी १:१२ प्रमाणात घटनास्थळे उभारली. खोलीतील प्रत्येक वस्तू पुरावा असू शकते, हे तपास अधिकाऱ्यांना शिकवणे हा त्यांचा हेतू होता. अमेरिकेतील छंदिष्टांची राष्ट्रीय संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली.

प्रमाण

सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:१२ हे आहे. त्यात खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच, त्यामुळे गणित तोंडी करता येते. साडेपाच फूट उंचीची व्यक्ती साडेपाच इंचांची, सात फुटांचे दार सात इंचांचे आणि ७५ सेंटिमीटर उंचीचे टेबल सव्वासहा सेंटिमीटरचे होते. इतर प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत :

१:६ – मोठ्या फॅशन बाहुल्यांचे प्रमाण. वस्तू हाताळण्यास सोप्या, पण जागा फार लागते.
१:१६ व १:१८ – मुलांसाठी कारखान्यात तयार होणाऱ्या बऱ्याच घरांचे प्रमाण.
१:२४ – एक फुटाला अर्धा इंच. लहान घरांत संपूर्ण बाहुलीघर ठेवण्यास सोयीचे.
१:४८ – एक फुटाला पाव इंच; बारीक काम, भिंग आवश्यक.
१:१४४ – १:१२ च्या बाहुलीघरातील बाहुलीचे बाहुलीघर या प्रमाणात करतात.

लांबी बाराव्या हिश्श्याइतकी झाली की क्षेत्रफळ १४४ पटींनी आणि घनफळ १,७२८ पटींनी घटते. वीस लिटर पाण्याच्या हंड्याच्या १:१२ प्रतिकृतीत सुमारे १२ मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच चमचे पाणी मावते.

छंदाचा प्रारंभ

प्रारंभी संपूर्ण घराऐवजी एका खोलीपेटीपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. तिला खर्च व जागा कमी लागते आणि काम पूर्णत्वास जाते. १:१२ प्रमाणात बारा फूट रुंद, दहा फूट खोल व नऊ फूट उंच खोलीसाठी आतून १२ × १० × ९ इंचांची पेटी पुरते. ती पुस्तकाच्या कपाटात बसू शकते.

विषय व मापे – प्रथम खोलीचा काळ, प्रदेश आणि तीत राहणाऱ्या माणसांचा व्यवसाय ठरवतात. त्यानंतर प्रत्यक्ष पाहता येईल अशा खोलीची मापे घेतात. भिंती, दारे, खिडक्या, कोनाड्यांची जमिनीपासूनची उंची, सामानाची लांबी-रुंदी आणि फळ्यांची जाडी वहीत नोंदवून प्रत्येक मापाला बाराने भागतात. जाडीकडे सहसा दुर्लक्ष होते. १८ मिलिमीटर जाड फळी १:१२ प्रमाणात दीड मिलिमीटरची हवी; तेथे पाच मिलिमीटरची पट्टी वापरली तर नाजूक टेबलही ओबडधोबड दिसते.

साहित्य – पेटीसाठी प्लायवूड किंवा एमडीएफ, भिंतींसाठी सनबोर्ड अथवा जाड पुठ्ठा आणि सामानासाठी बाल्सा लाकूड, आइस्क्रीमच्या काड्या व आगकाड्या वापरता येतात. लाकडाचे रेषे बारीक असावेत, कारण ठळक रेषे लहान वस्तूत अवाजवी मोठे दिसतात. कापड हे सर्वांत अवघड साहित्य होय. त्याची जाडी व ताठरपणा प्रमाणात कमी होत नसल्यामुळे पडदे आणि साड्या फुगून उभ्या राहतात. जुने, धुऊन मऊ झालेले मलमल किंवा पातळ रेशीम घेऊन त्याच्या चुण्या ओल्या असतानाच टाचण्यांनी बसवणे हा त्यावरील उपाय आहे.

साधने – धातूची पट्टी, कटर, कटिंग मॅट, काटकोन तपासण्यासाठी गुण्या, चिमटा, बारीक पॉलिश पेपर, लहान करवत, लाकूड चिकटवण्याचा पांढरा डिंक आणि बारीक कुंचले एवढी साधने पहिल्या कामास पुरेशी असतात. कटरचे पाते वेळोवेळी बदलावे लागते; बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि ते घसरून इजा होते.

बांधणीचा क्रम – सर्व भाग कापल्यावर डिंक न लावता ते जुळवून पाहतात. दारे-खिडक्यांची भोके आणि तारांसाठी वाटा याच वेळी कराव्या लागतात. फरशी व भिंती सपाट असतानाच रंगवणे सोपे जाते. पेटी उभी केल्यावर कोपऱ्यांत कुंचला पोहोचत नाही. त्यानंतर तळ व भिंती गुण्याने तपासून जोडतात, छत बसवतात आणि शेवटी सामान मांडतात. सामान मेणासारख्या काढता येणाऱ्या चिकट पदार्थाने टेकवले, तर मांडणी बदलता येते.

प्रकाश – पिवळसर प्रकाशाचे लहान एलईडी दिवे आणि १२ व्होल्टचा ॲडॉप्टर ही नेहमीची रचना होय. सुटा एलईडी १२ व्होल्टला थेट जोडल्यास जळतो. त्यासोबत योग्य रेझिस्टर लावावा लागतो. घरातील २३० व्होल्टचा प्रवाह पेटीच्या आत कधीही नेत नाहीत. ॲडॉप्टर बाहेर आणि हवा खेळेल असा ठेवतात. तारा मागील भिंतीबाहेरच्या दुसऱ्या, काढता येणाऱ्या भिंतीमागे लपवल्यास दुरुस्ती सुलभ होते.

नेहमी आढळणारे दोष

निरनिराळ्या प्रमाणांतील वस्तू एकत्र मांडणे हा नवशिक्यांच्या कामातील सर्वांत मोठा दोष होय. त्याखालोखाल अतिचमकदार रंग, मोठ्या नक्षीचे कापड आणि सर्वच वस्तूंचा कोरेपणा हे दोष आढळतात. वापरातल्या घरात उंबरठा झिजलेला, चुलीमागील भिंत काळवंडलेली आणि दाराच्या कडीभोवतीचा रंग उडालेला असतो. या खुणा नेमक्या जागी दाखवल्या की खोलीत माणसांचा वावर जाणवतो. काम तपासण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे १:१२ मध्ये तळापासून सुमारे पाच इंचांवर धरून छायाचित्र घेतात. वरून पाहताना न दिसलेल्या चुका त्यात स्पष्ट होतात.

जतन व सुरक्षितता

धूळ, ऊन, दमटपणा आणि कीड हे बाहुलीघराचे शत्रू होत. समोर काच किंवा ॲक्रिलिकचा पत्रा लावल्यास धूळ अडते. थेट उन्हात कापड व कागद विटतात. कोकणासारख्या दमट हवेत बुरशी व कसर यांचा उपद्रव होतो. पिठाच्या खळीकडे कीटक आकर्षित होत असल्यामुळे कागद चिकटवण्यासाठी ती टाळणे इष्ट ठरते. छंदातील वस्तू खेळणी नसतात. सुटे भाग लहान मुलांच्या घशात अडकू शकतात आणि काही दिव्यांत वापरला जाणारा बटनाच्या आकाराचा सेल गिळल्यास जिवाला धोका असतो. त्यामुळे पेटी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे आवश्यक असते.

भातुकली आणि मराठी घर

महाराष्ट्रात कपाटातील बाहुलीघराची परंपरा नसली, तरी लघुरूपातील घरसंसार नवा नाही. भातुकलीतील पितळी, तांब्याची, लाकडी व मातीची भांडी, दिवाळीतील मातीचा किल्ला व त्यावरील मावळे आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी ही त्याची परिचित रूपे होत. मात्र भातुकली एका प्रमाणात घडवलेली नसते. मुलींच्या हाताला सोयीचा आकार हेच तिचे माप असल्यामुळे एकाच संचातील जाते, बंब आणि वाटी यांची प्रमाणे वेगवेगळी असू शकतात. बारा इंचांचे ताट १:१२ मध्ये एक इंचाचे होते. भातुकलीतील तीन इंचांचे ताट १:४ प्रमाणाचे ठरते. म्हणून भातुकलीची भांडी खोलीपेटीत मांडण्यापूर्वी प्रत्येक भांडे मोजावे लागते.

मराठी घराची खोलीपेटी करू इच्छिणाऱ्यास माजघर हा उत्तम विषय आहे. शेणाने सारवलेली जमीन, कोनाडे, खुंट्या, फडताळ, पाट आणि तुळयांवरचे छत एवढ्यावर खोली उभी राहते. पाटा-वरवंटा, अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशा वस्तूंचे आकार समजून घेण्यासाठी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय उपयुक्त आहे. तेथे नित्याच्या वापरातील वस्तूंचा मोठा संग्रह आहे.

जुने वाडे व कौलारू घरे पाडली जात असताना या छंदाला नोंदीचे मूल्य प्राप्त होते. घर पाडण्यापूर्वी सहसा दर्शनी भागाची छायाचित्रे घेतली जातात. स्वयंपाकघराच्या फळीची उंची, दोन तुळयांमधील अंतर किंवा जात्याची जागा यांची नोंद होत नाही. छायाचित्र घेताना वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवली, मापे लिहून घेतली आणि वस्तूंची त्या घरातील नावे व उपयोग वडीलधाऱ्यांना विचारून टिपले, तर प्रतिकृती पुढे केव्हाही तयार करता येते. पूर्ण झालेल्या पेटीच्या मागे गावाचे नाव, मापे घेतल्याचे वर्ष आणि प्रमाण लिहून ठेवल्यास पाहणाऱ्याला मूळ घराची मापे काढता येतात.