नकाराची जागा

जानेवारी 2020 मध्ये 93वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, भरले. अध्यक्षस्थानी वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि संमेलननगरीस नाव दिले होते तेरच्या संत गोरोबाकाकांचे. दिब्रिटोंच्या निवडीस काहींनी विरोधही केला होता. तो वाद विरला. 2024 मध्ये दिब्रिटोही गेले. आम्हांस मात्र एक ख्रिस्ती धर्मगुरू आणि एक कुंभार संत यांची ही गाठ आज एका वेगळ्याच प्रश्नाच्या संदर्भात आठवते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहचराशी माणसाने प्रेमाचे नाते जोडावे काय, हा तो प्रश्न. त्याचे ख्रिस्ती उत्तर काय, हे पाहू लागलो, तर वाट शेवटी तेरलाच येऊन पोचते.

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. 1966 मध्ये जोसेफ वायझेनबाऊम यांनी अमेरिकेत 'एलायझा' नावाचा संभाषण करणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करणे, यापलीकडे त्याची फारशी मजल नव्हती. तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली, आणि त्याने खुद्द निर्माताच अस्वस्थ झाला. 2017 मध्ये 'रेप्लिका' हे सोबतीचे अ‍ॅप आले. फेब्रुवारी 2023 मध्ये कंपनीने त्यातील प्रणयसंभाषण बंद करताच अनेकांनी जिवलग गमावल्यासारखा शोक केला. तो शोक खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दुरावा आला, तो 'प्रेयसी'चे मन पालटले म्हणून आलेला नव्हता. निर्णय कंपनीचा होता. प्रेयसीस विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण विचारावे असे तेथे कोणी नव्हतेच.

28 जानेवारी 2025 रोजी व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अँटिक्वा एत नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. यंत्र सहानुभूतीचा आभास निर्माण करू शकते, सहानुभूती अनुभवू शकत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. एकाकी माणसे यंत्राकडे वळतात, याचीही त्यात दखल आहे. पुढे एक मार्मिक निरीक्षण येते. स्तोत्रकर्त्याने जुन्या मूर्तींना तोंड असून बोलता येत नाही असा दोष दिला होता. ही नवी मूर्ती बोलते, किंवा बोलल्याचा भास तरी करून देते, म्हणून तिचा मोह अधिक. एकोणिसाव्या शतकात मूर्तिपूजेचे खंडन करणाऱ्या मराठी ख्रिस्ती लेखकांना हा उलटा फिरलेला दृष्टांत पाहून काय वाटले असते, कोण जाणे!

परंतु मूर्तिपूजेचा आक्षेप हा या उत्तराचा एक भाग झाला. आम्हांस दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, तो संमतीचा. पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेत विवाह घडतो तो वधूवरांच्या परस्परसंमतीने; धर्मगुरू हा साक्षीदार. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदार यांची उपस्थिती सक्तीची केली, तीही ही संमती उघडपणे दिली जावी म्हणून. आपण स्वेच्छेने आला आहात ना, हे वधूवरांना वेदीपुढे विचारले जाते, कारण उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'स अर्थ उरत नाही.

हे तत्त्व मराठीत एका संसाराने जगून दाखविले आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला नाही. त्या पतीपासून दूर पंढरपुरास राहिल्या. रडल्या, रागावल्या, पण पतीच्या मागे मुकाट्याने गेल्या नाहीत. 1866 च्या कायद्याने धर्मांतरितास अशा परिस्थितीत विवाहविच्छेद मागता येत असे. टिळकांनी नाते तोडले नाही. पुढे दोघे एकत्र आले, बाईंनी आपला विचार आपणच केला आणि 1900 मध्ये आपल्या पायांनी त्या त्या धर्मात आल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो आणि हेलावतो, ते या दोन हट्टी माणसांच्या झटापटीमुळे. पतीच्या प्रत्येक बोलण्यास गोड होकार देणारी लक्ष्मीबाई कल्पून पाहावी. पुस्तक तर उरणार नाहीच, टिळकांचे प्रेमही उरणार नाही.

ख्रिस्ती समाजाने हे तत्त्व नेहमी पाळले, असे मात्र नाही. 1869 च्या घटस्फोट कायद्यात पतीस पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. पत्नीस मात्र पतीच्या व्यभिचारासोबत क्रौर्य वा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता दूर व्हायला 2001 साल उजाडले. स्त्रीच्या नकाराची किंमत तिच्याकडूनच वसूल करण्यात कोणताही धर्म मागे राहिलेला नाही.

आमच्या भागात या विषयाची धार येथेच लागते. डिसेंबर 2022 मध्ये शेजारच्या सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मुली नाहीत, ही त्यांची तक्रार होती. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. ज्या मुली जन्मू दिल्या नाहीत, त्यांच्या जागी आता कधीही न रुसणारी, हुंडा न मागणारी, माहेरी न जाणारी सखी मोबाईलात हजर होत आहे. जिच्या नकारास आपण जागा ठेवली नाही, तिच्याऐवजी जिला नकार ठाऊकच नाही ती! या तरुणांचे एकटेपण खरे आहे, त्यास हसणे क्रूरपणाचे होईल. माणसाने एकटे असणे बरे नाही, हे उत्पत्तीच्या ग्रंथाने आरंभीच सांगितले. आणि अविवाहित राहण्यातही उणेपणा नाही, हे पौलाने सांगितले. या दोहोंमधून चर्चवर आणि गावावर एक जबाबदारी येते: एकट्या माणसास पंगतीत घ्यावे, दारी यावे, बोलावे. नुसता निषेध करून ती फिटत नाही.

आता तेर. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कोण कच्चा, कोण पक्का हे पाहिले, अशी आख्यायिका आहे. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. तो अपमान त्यांना विसोबा खेचरांपर्यंत घेऊन गेला. बायबलही माणसास मातीचाच म्हणते. मातीला पक्केपणा येतो तो दुसऱ्याच्या हाताने आणि आगीने. यंत्रातली सखी आपले डोके कुरवाळील, आपण कच्चे आहोत हे कधी सांगणार नाही. आणि कधी सांगितलेच, तर आपणच तशी आज्ञा केली असेल म्हणून. थापटणे धरणारा हात दुसऱ्याचाच असावा लागतो.