संसदेतलं सागवान कुठलं?

मागच्या वर्षी दिल्लीत नव्या संसदेच्या प्रेक्षक दीर्घेत बसायला मिळालं. मोबाईल बाहेर जमा केलेला, त्यामुळे फक्त बघत बसलो. बाकीच्यांची नजर सभागृहाकडे, माझी लाकडावर. आलापल्लीकडचा माणूस सागवान बघितलं की थांबतोच.

28 मे 2023 ला या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा साहित्य कुठून कुठून आलं हेही सांगितलं गेलं. सरमथुऱ्याचा दगड, मिर्झापूरचे गालिचे, त्रिपुराचा बांबू आणि नागपूरचं सागवान. ते ऐकून आमचे बाबा हसले होते. म्हणाले, "नागपुरात सागवान पिकते का बापा?"

मित्रांनो, हा प्रश्न अस्सल संशोधनाचा आहे. नागपूर ही लाकडाची बाजारपेठ, जंगल नव्हे. तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी या कामाला चंद्रपूर भागातलं सागवान गेल्याचं सांगितलं होतं. त्याच वर्षी मार्च महिन्यात अयोध्येच्या राममंदिरासाठीही बल्लारपूरहून सागवान रवाना झालं.

मग आपलं नाव मागे का पडतं? याचं उत्तर व्यापारात आहे. लाकूडबाजारात या सागवानाला आजही 'सीपी टीक' म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, 1861 साली झालेला ब्रिटिशांचा मध्य प्रांत. नागपूर ही त्याची राजधानी आणि चांदा हा त्यातला एक जिल्हा. 1950 मध्ये प्रांताचं नाव गेलं, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1982 मध्ये गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा झाला. नकाशा तीनदा बदलला, पण बाजारातलं नाव तेच राहिलं. स्थळाचं नाव बऱ्याचदा माल कुठे विकला गेला ते सांगतं, कुठे वाढला ते नाही.

हे मला फुकट कळलं नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सागाच्या वाढीच्या कड्यांवर काम सुरू केलं. नमुने आरामशीनवरून आणले आणि तक्त्यात 'स्थळ' या रकान्यात आरामशीनचं गाव लिहिलं. गाईडनी एवढंच विचारलं, "झाड कुठलं?" मी गप्प. कडीची रुंदी त्या जागच्या पावसाशी जुळवायची असते. जागाच चुकली तर आकडे काय कामाचे? अकरा नमुने बाद झाले, चार महिने गेले.

त्यानंतर मी कागद वाचायला शिकलो. डेपोतल्या ओंडक्यावर हातोड्याची निशाणी आणि नंबर असतो, सोबत वाहतूक परवाना असतो. आपण त्याला टीपी म्हणतो. हा कागद किती मोलाचा, ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला विचारा. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळूनही बांबू बाहेर न्यायला टीपी लागायचीच. 2011 मध्ये टीपी देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा कुठे तो हक्क खऱ्या अर्थाने हातात पडला.

तुम्ही संशोधनाला सुरुवात करत असाल, तर तक्त्यात एकाऐवजी दोन रकाने करा: 'कुठे मिळालं' आणि 'कुठलं आहे'. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो. खरं काम तिथेच असतं.