सोमवारची छाती

कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेलेल्या कामगाराला आठवड्याचा वार छातीवरून कळतो. सुट्टी संपवून तो ब्लो रूममध्ये किंवा कार्डिंग खात्यात परततो आणि काही तासांतच छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरे वाटते. काही वर्षांनी हा त्रास मंगळवारी, बुधवारी रेंगाळू लागतो, आणि अखेरीस वारावारांत फरकच उरत नाही. तोवर फुफ्फुसाचे झालेले नुकसान भरून येण्यासारखे राहिलेले नसते. ‘बायसिनोसिस’ या आजाराच्या या पायऱ्या रिचर्ड शिलिंग यांनी 1950च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत नीट मांडून दाखवल्या. त्यासाठी लागत होते कामगाराला विचारायचे ठरावीक प्रश्न आणि पाळीच्या आधी व नंतर जोराने सोडलेल्या श्वासाचे मोजमाप. एक्स-रेमध्ये या आजाराची स्वतःची अशी खूण उमटत नाही.

म्हणजे वर्षातून एकदा, कोणत्या तरी बुधवारी, रांगेत उभे करून घेतलेला छातीचा फोटो या कामगाराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी तपासले पाहिजे आणि मुख्य म्हणजे त्याला विचारले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत 10 जून 1890पासून रविवारची सुट्टी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. विसावा हा तिचा हेतू. पण आजार ओळखता येण्यासाठी जो खंड लागतो, तोही याच सुट्टीने दिला. लोखंड्यांच्या मनात असे काही असण्याचे कारण नव्हते. इतिहासात अशी देणी नकळतच पदरात पडतात.

गिरणीत डॉक्टर शिरला तो मात्र आजार शोधायला नव्हे. इंग्लंडच्या 1833च्या कायद्याने 9 वर्षांखालील मुलांना कापडगिरण्यांत मज्जाव केला. पण जन्मनोंदी नसल्याने वय ठरवायचे कसे, हा पेच पडला. उंची पाहत, दात मोजत. 1837मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने दातांवरून वय कसे ओळखावे यावर पुस्तिकाच काढली. पुढे ‘सर्टिफाइंग सर्जन’ हा हुद्दा रुजला. आपल्याकडे 1881च्या फॅक्टरी कायद्याने 7 वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी केली, तेव्हा वय ठरवण्याचा तोच प्रश्न इथेही आला, आणि हा हुद्दा 1948च्या कायद्यातही कायम राहिला. कारखान्यातली वैद्यकीय तपासणी अशी दारावरच्या पासासारखी सुरू झाली: आत सोडायचे की नाही, एवढेच ती सांगे. हे मूळ तिला पुढेही सुटले नाही, असे माझे मत आहे.

दुसरा धागा शिशाचा. ब्रिटनमध्ये 1895मध्ये शिशाची विषबाधा सरकारला कळवणे बंधनकारक झाले आणि 1898मध्ये थॉमस लेग हे कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले गेले. ठरावीक मुदतीने तपासणी आणि दोषी आढळल्यास कामावरून दूर करणे, ही पद्धत या काळात बसली. पण दूर केलेल्या माणसाची मजुरी बुडे. ज्या तपासणीने चूल विझते, तिच्यापुढे कोण खरे बोलेल? यावर उत्तर निघाले फार उशिरा. अमेरिकेच्या 1978च्या शिसे-नियमांत, तपासणीमुळे कामावरून हलवलेल्या कामगाराचा पगार 18 महिन्यांपर्यंत राखला गेला. लेग यांचा स्वतःचा भर डॉक्टरपेक्षा मालकाने धूळ व वाफ मुळात रोखण्यावर होता. पांढऱ्या शिशाच्या रंगावरील आंतरराष्ट्रीय करार आपले सरकार स्वीकारत नाही, हे पाहून 1926मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आपल्याकडे कायदा कडक झाला तो भोपाळनंतर. 1987च्या दुरुस्तीने कलम 41-क आले: घातक प्रक्रियेच्या कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना दर 12 महिन्यांच्या आत, आणि काम सुटल्यावरही तपासणी, शिवाय नोंदी कामगाराला पाहता आल्या पाहिजेत. कागदावर हे उत्तमच. मात्र ‘घातक प्रक्रिया’ म्हणजे काय, हे एका अनुसूचीत दिले होते. तिच्यात 29 प्रकारचे उद्योग होते. कृत्रिम धाग्याचा उद्योग होता, काच होती, ॲस्बेस्टॉस होते. सुती कापडगिरणी नव्हती. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, डॉक्टरने कळवलेच पाहिजेत अशा आजारांत, बायसिनोसिस मात्र होता. आजार मान्य, पण तो ज्या उद्योगात होतो तो घातकांच्या यादीत नव्हता!

त्यात बदली कामगार. तो रोज सकाळी दारावर उभा राही; काम मिळाले तर आत, नाहीतर घरी. सलग नोंद हा तर वैद्यकीय देखरेखीचा पाया. ज्याचे नाव महिन्यातून काहीच दिवस हजेरीत येई, त्याचा श्वास वर्षानुवर्षे कोण मोजत राहणार? परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 1970च्या दशकात गिरणी कामगारांचा दीर्घ अभ्यास करून हा आजार मुंबईतही असल्याचे दाखवले. या आजारात आणि धूम्रपानाने होणाऱ्या जुनाट दम्यात फरक कसा करायचा, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. भरपाईच्या प्रश्नातही तीच मेख: दोष बिडीचा की रुईचा? आजार शेवटच्या पायरीवर गेल्यावर हे श्वास मोजून सांगता येत नाही. सांगू शकते ती फक्त आधीच्या वर्षांची नोंद, किंवा कामगाराची स्वतःची आठवण, की पहिल्यांदा त्रास व्हायचा तो सुट्टीनंतरच्या दिवशी.

जानेवारी 1982मध्ये संप सुरू झाला, आणि त्यानंतर हजारो जण गिरणीत परतलेच नाहीत. काम सुटल्यानंतरच्या तपासणीचे कलम आले त्यानंतर 5 वर्षांनी, तेही दुसऱ्या उद्योगांसाठी. 1995मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आदेश दिला, की आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. 1981मध्ये कार्डिंग खात्यात लागलेल्या मुलाला हा हिशेब लावला, तर त्याची वही निदान 2021पर्यंत कुठेतरी असायला हवी होती.