सत्तर सप्तके
बायबलच्या जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकात, नवव्या अध्यायाच्या २४ ते २७ या वचनांत आलेली भविष्यवाणी. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेल्या, यरुशलेमच्या ओसाडीच्या सत्तर वर्षांचा अर्थ शोधत दानीएल गोणपाट नेसून, राख घेऊन प्रार्थना करीत असता, संध्याकाळच्या अर्पणाच्या सुमारास गब्रीएल हा देवदूत त्याला सत्तर सप्तकांचा काळ सांगतो. सप्तक म्हणजे सात वर्षे धरल्यास तो ४९० वर्षांचा होतो. परंपरागत ख्रिस्ती शिकवण त्यात येशूचे आगमन व वध पाहते, तर चिकित्सक अभ्यासक इ. स. पू. १६७ मध्ये चौथा अँटायोकस या राजाने केलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या विटंबनेकडे बोट दाखवतात. एकोणसत्तराव्या सप्तकानंतर दीर्घ खंड पडून शेवटचे सप्तक अजून यायचे आहे, हे मत १९०९ च्या स्कोफील्ड सटीप बायबलमुळे दूरवर पोहोचले. मूळ वचनांत मात्र अशा खंडाचा स्पष्ट उल्लेख नाही, आणि शिकवणाऱ्याने ते आधीच सांगणे अगत्याचे आहे.