पाण्याची गुप्त गळती

जमिनीवर सांडणारें पाणी सर्वांस दिसतें. परंतु जमिनीच्या पोटांत मुरणारें पाणी कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीं. म्हणून ज्या ज्या शहरांनीं दुरून पाणी आणिलें, त्यांना लौकर वा उशिरां एक प्रश्न पडलाच : उगमापासून निघालेलें पाणी घरोघर पोंचण्यापूर्वीं जातें कोठें ? या प्रश्नाचें उत्तर मनुष्यानें कसकसें शोधलें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम प्राचीन रोमकडे वळूं. इ. स. ९७ मध्यें सम्राट् नर्व्हा यानें फ्राँटिनस नांवाच्या अनुभवी गृहस्थास पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी नेमलें. त्या काळीं नऊ कालव्यांनीं रोमला पाणी येत असे. फ्राँटिनसनें आधीं सरकारी दप्तर तपासलें व मग उगमापाशीं स्वतः मोजणी केली. मार्शिया कालव्याच्या नांवावर दप्तरांत रोमन मापानें २१६२ मापें पाणी होतें; उगमापाशीं भरलीं ४६९० ! या तफावतीचें बरेंचसें खापर त्यानें कालव्यावरील नोकरांच्या लबाडीवर फोडलें. फुटकें बांधकाम कसें व केव्हां दुरुस्त करावें, हेंहि लिहून ठेविलें. मोजणीनें तूट कळली; परंतु ती नेमकी कोणत्या ठिकाणीं, हें एवढ्यानें कळेना.

तोच प्रश्न एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरापुढें उभा राहिला. वस्ती वाढली, पाणी पुरेना. म्हणून नळाला दिवसांतून कांहीं तासच पाणी सोडीत. लोकांना तें पिंपांत व बादल्यांत सांठवून ठेवावें लागे. त्यांत दुसरें एक संकट असतें. नळ रिकामा झाला म्हणजे ज्या फटींतून पाणी बाहेर जातें, त्याच फटींतून भोंवतालची घाण आंत शिरूं शकते. गळती ही केवळ नासाडी नव्हे, रोगाची वाटहि होय.

१८७१ सालीं त्या शहराचा इंजिनिअर झालेला जॉर्ज फ्रेडरिक डीकन यानें १८७३ मध्यें एक मापकयंत्र तयार केलें. खालीं रुंद होत जाणाऱ्या उभ्या नळींत एक तबकडी बारीक तारेनें टांगलेली, व तिला तोलून धरणारें एक वजन, अशी त्याची रचना. पाणी जितकें अधिक वाहे, तितकी तबकडी खालीं दबे. आणि तारेस जोडलेली पेन्सिल घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या कागदावर तशी रेघ काढी. कांहीं रस्त्यांचा एक विभाग पाडून त्याचें सारें पाणी एका यंत्रांतून सोडीत.

खरी युक्ति पुढेंच आहे. मध्यरात्रीं गांव निजलेलें असतें. त्या वेळच्या रेघेंत जें पाणी दिसे, तें बहुतेक सारें गळतीचें. मग निरीक्षक हातीं लांब किल्ली घेऊन निघत. प्रत्येक घराच्या बाहेरील तोटीवर किल्ली टेकून तिचें वरचें टोंक ते कानास लावीत. आंत सूं सूं आवाज आला कीं तोटी बंद करीत व वेळ टिपून ठेवीत. मागाहून कागद पाहिला म्हणजे त्याच वेळीं रेघ किती उतरली तें दिसे. सारा रस्ता न खणतां रोगाचें ठिकाण सांपडे, आणि तेवढीच दुरुस्ती होई. थोड्याच वर्षांत लिव्हरपूलला अखंड पाणी मिळूं लागलें. वेल्समधील व्हर्न्वी येथील नव्या तलावाचें पाणी शहरांत आलें तें पुष्कळ पुढें, १८९२ सालीं.

हीच रीत आपल्या बागेंतील फवाऱ्यांच्या नळांसहि लागू पडते. रात्रीं घरांतील तोट्या, फवारे व टाकी भरणारा नळ बंद करून मापकाचा आंकडा टिपावा. पहांटे पुन्हां पहावा. आंकडा पुढें गेला असेल, तर पाणी कोठें तरी मुरत आहे. मग एकेक फांटा पाळीपाळीनें बंद करावा. जो बंद होतांच कांटा थांबेल, त्याच्या वाटेवर ओलसर जमीन किंवा अवचित दाट झालेलें गवत शोधून तेथें खणावें. फुटका सांधा बदलल्यावर माती लोटण्यापूर्वीं पाणी सोडून तो कोरडा राहतो याची खात्री करून घ्यावी. आधीं मोजणी, मग खणती, हा क्रम रोमपासून लिव्हरपूलपर्यंतच्या अनुभवानें सिद्ध झालेला आहे. पैशाचा हिशेब आपण रोज लिहितों. पाण्याचाहि लिहावयास हवा.